सोमवारपर्यंत नवी सुरुवात

फोटो बोलला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना ओलं प्लास्टर होतं आणि फोन तो अंगठ्याच्या पेराने चालवत होता. दुपारची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. जागा उरली नाही, नवा फोटो काढता येणार नाही, असं फोन सकाळपासून बजावत होता, म्हणून तो जुने फोटो एकेक करून पुसत बसला होता. विजेच्या मीटरचे, औषधांच्या चिठ्ठ्यांचे, लेकीने नव्या घराचे पडदे पसंत करायला पाठवलेले सतरा. मध्येच बायकोचा एक आला. खिडकीपाशी उभी, अंगावर पिवळी शाल, चष्मा कपाळावर चढवलेला. हा ठेवायचा म्हणून त्याने पेर बाजूला नेलं, ते जरा जास्त टेकलं, आणि बायको बोलली. "काढलास का? का नुसताच बघत बसलायस? हसू संपत आलंय माझं." मग नाकातून आलेलं एक छोटं हसणं, मागे कुठेतरी नळ चालू असल्याचा आवाज, आणि ती पुन्हा स्थिर झाली. दीड वर्षापूर्वी कधीतरी फोटो काढताना त्याने भलतंच बटण दाबलं होतं. फोटो आला नाही, आला हा नऊ सेकंदांचा तुकडा, आणि आजवर तो त्याला फोटोच समजत आला होता.

तो दातांच्या लॅबमधल्या प्लास्टरच्या खोलीत तसाच उभा राहिला. समोरच्या थरथरत्या पट्टीवर कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा ठसा ठेवलेला होता. पट्टी हलली की ओल्या प्लास्टरमधले बुडबुडे वर येऊन फुटतात, आणि ते सगळे फुटेपर्यंत नजर हलवायची नाही हा त्याचा पंचवीस-तीस वर्षांचा शिरस्ता होता. आज बुडबुडे कधी फुटले ते त्याने पाहिलं नाही. त्याने पेर पुन्हा टेकवलं. काढलास का? का नुसताच बघत बसलायस? बायको गेलेली नव्हती. ती घरी होती, आत्ता या वेळी जेवून खुर्चीत बसली असेल, आणि तिचा आवाजही घरात रोज होता. पण झटक्यानंतरच्या दहा महिन्यांत त्या आवाजातून एकच शब्द आला होता. चौदा. भूक लागली तरी चौदा, दार वाजलं तरी चौदा, डोकं दुखलं तरी चौदा. सूर मात्र प्रत्येक वेळी वेगळा आणि अचूक. विचारायचं असलं की शेवटी उंच जाणारा, रागवायचं असलं की दोन तुकड्यांत तोडलेला. सुरावरून त्याला निम्मं कळायचं, उरलेलं निम्मं तो अंदाजाने भागवायचा. आणि अंदाज चुकला की ती डोळे मिटून घ्यायची, गाडी चुकलेल्या माणसासारखी.

हा तुकडा हाती लागला तो एका स्पर्धेमुळे. तो काम करत होता ती लॅब दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि टोप्या बनवून द्यायची. इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लॅब, खाली गणवेश शिवणारे शिंपी, वर विम्याचं ऑफिस. या तिघांत दरवर्षी एक फोटोस्पर्धा व्हायची. बक्षीस काही नाही. पहिला येणारा फोटो वर्षभर लिफ्टमध्ये लावायचा, एवढाच मान. लॅबच्या काउंटरवरची बाई हे सगळं हौसेने करायची. भिंतीवर सतत काही ना काही टोचत असायची म्हणून तिला सगळे टाचणीबाई म्हणत, आणि तिलाही ते चालायचं. यंदा तिने लावलेल्या कागदावर लिहिलं होतं: विषय, नवी सुरुवात. फोटो स्वतः काढलेला हवा. सोमवारपर्यंत द्यावा. खेळीमेळीने घ्यावं, नंबर आला नाही तर रुसू नये. शेवटची ओळ मुकुटरावांसाठी होती हे सगळ्यांना माहीत होतं. मुकुटराव पलीकडच्या टेबलावर दातांचे मुकुट, म्हणजे टोप्या, घडवायचे आणि दरवर्षी रुसायचे. यंदा त्यांनी शेजाऱ्याच्या खुराड्यातली अंडी हेरून ठेवली होती. "पिल्लू चोच बाहेर काढतं ना, तो क्षण धरायचा," ते म्हणाले. "दोन दिवस रजा टाकलीय." "पिल्लाला कळवलंय का तारीख?" टाचणीबाईने विचारलं. मग ती त्याच्याकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्ही दरवर्षी टाळता." तो म्हणाला, "यंदा देणार." आपण इतक्या चटकन बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं होतं.

कारण फोटो त्याच्या डोक्यात तयार होता. आठवड्यातून दोनदा भाषेच्या बाई घरी यायच्या. बोलणं हरवलेल्या माणसांकडून बोलणं परत काढून घ्यायचं, असं त्यांचं काम. वयाने लेकीएवढ्या, पण धीर म्हातारीचा. त्यांनी बायकोला पाटी आणि खडू आणून दिला होता. उजवा हात अजून मुठीतच होता, तेव्हा डाव्याने रेघा ओढायच्या. गेल्या पंधरवड्यात त्या रेघांना बाक येऊ लागला होता, आणि परवा एक आकार असा उमटला की तो कुठल्यातरी अक्षराकडे निघालाय असं वाटावं. बस, हाच फोटो. पांढऱ्या केसांची बाई पाटीवर पहिलं अक्षर काढतेय. त्याने तो लिफ्टमध्ये लावलेलाही पाहिला होता. रोज सकाळी त्याच्याबरोबर वर जाणारा, संध्याकाळी खाली येणारा. विम्याची माणसं विचारतील, तुमच्या मिसेस का? आणि तो म्हणेल, हो, सुधारतेय. त्याला हे वाक्य कुणीतरी आपल्याकडून वदवून घ्यायला हवं होतं. घरात ते म्हणायला कुणी नव्हतं, आणि स्वतःशी म्हटलं की त्याचा विश्वास बसत नव्हता.

आणि त्या फोटोसाठी जागा करायला गेला तर हे हाती लागलं. त्या दिवसापासून तो नऊ सेकंदांच्या मागे लागला. दुपारी प्लास्टरच्या खोलीचं दार लोटून घ्यायचं, थरथरती पट्टी सुरू करायची, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही. घरी जाताना बसमध्ये फोन कानाला लावायचा, जणू कुणाशी बोलतोय. एकदा तर शेजारच्या माणसाला खरं वाटावं म्हणून तो मध्ये म्हणाला, "हो, काढतो ना, थांब." आणि मग खिडकीबाहेर बघत बसला, कान गरम झाल्यासारखे. आपण काहीतरी लपवतोय हे त्याला कळत होतं. घराचं दार उघडताना तो फोन खिशात उलटा ठेवायचा. बायको खुर्चीतून म्हणायची, चौदा, म्हणजे आलास, आणि त्याला क्षणभर इतकं ओशाळल्यासारखं व्हायचं की तो सरळ मोरीत जाऊन पाय धूत राहायचा. दुसऱ्या बाईच्या नादी लागलेली माणसं अशीच घरी येत असतील. फक्त ही दुसरी बाई हीच होती. हिच्यासारखी शाल घेणारी, हिचाच चष्मा कपाळावर चढवणारी, आणि तरी तिच्याकडून परत आल्यावर हिच्याकडे नीट बघवत नव्हतं.

तो मुळात आवाजाच्याच प्रेमात पडला होता. ती बसस्थानकावर घोषणा करायची. सत्तावीस वर्षं. तो तेव्हा पंचवीस-सव्विसाचा, कवळ्या घडवायला नुकता शिकलेला, आणि त्याची बस रोज उशिरा यायची. छपराखाली लोंबणाऱ्या कर्ण्यातून तो आवाज यायचा, कुठेही घाई नसलेला, गावांची नावं अशी घेणारा की तिथे आपलं कुणीतरी वाट बघतंय असं वाटावं. सात महिने त्याने तो आवाज नुसता ऐकला आणि मनात एक उंच, सडपातळ, गंभीर बाई उभी केली. एक दिवस चौकशीच्या खिडकीत जाऊन त्याने अशा गावची बस विचारली की जे गाव त्याने तिथल्या तिथे बनवलं होतं. आतली बाई बुटकी होती, गोल होती, बिस्कीट खात होती. तिने बिस्कीट खाली ठेवलं, वहीत बोट फिरवल्यासारखं केलं आणि त्याच कर्ण्यातल्या आवाजात म्हणाली, "ती बस रोज चुकते आपली. उद्या पुन्हा विचारा." तो दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. उंच बाईला तो कधी विसरला ते त्याला आठवत नाही.

घोषणा करतानाच तिला झटका आला. निवृत्तीला चार महिने राहिले होते. तो तिथे नव्हता, पण चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने त्याला इतक्या वेळा सांगितलं की आता ते त्याने स्वतः ऐकल्यासारखं झालं होतं. गाडीचा नंबर सांगून झाला, गावाचं नाव अर्धं झालं आणि आवाज थांबला. कर्णा चालूच राहिला. फलाटावर माणसं माना वर करून उभी. कुणी हललं नाही, कारण पुढचं सांगितल्याशिवाय जायचं कुठे हे कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यात चौथ्या दिवशी तिने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाली, चौदा. तो आनंदाने बाहेर धावला, बोलली म्हणून सांगत सुटला. स्थानकात फलाट बाराच होते. चौदा कुठून आलं ते कुणालाच सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, असा एखादा शब्द मागे राहतो, त्याला कारण शोधू नका. पण तो कारण शोधत राहिला. लग्नाची तारीख, घराचा नंबर, लेकीचं वय, कुठेच चौदा नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी तो पकडला गेला. ती झोपलीय असं समजून तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता, फोनचा आवाज अगदी बारीक करून. काढलास का? का नुसताच बघत... मागे काठीचा आवाज झाला. ती दारात उभी होती. त्याने फोन पालथा घातला, पण आवाज पालथा होत नाही. हसू संपत आलंय माझं, असं ओट्यावरून ऐकू आलं, आणि नंतर ते हसणं. ती पुढे आली. डावा हात लांब करून तिने फोनकडे बोट दाखवलं. त्याने खुलासा करायला सुरुवात केली, फोटो म्हणून ठेवलेला, चुकून, जागा करत होतो. तिचं बोट तसंच राहिलं. त्याने वाजवलं. तिने पुन्हा बोट दाखवलं. त्याने पुन्हा वाजवलं. सहा-सात वेळा तरी तिने ऐकलं, मान किंचित कलती करून, जसं ती पूर्वी आपलीच घोषणा कर्ण्यातून नीट गेली की नाही ते ऐकायची. मग तिने तोंड उघडलं. चौदा, म्हणाली. हळू, कुठलाच सूर न लावता, जणू शब्द तपासून बघत होती. आणि लगेच डावा हात तोंडावर दाबला. डोळे मोठे झाले. ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू इतके दिवस तिच्या ओठाला काहीतरी लागलेलं होतं, सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणीच तिला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ती बोललीच नाही. जेवताना नाही, औषध घेताना नाही. शुक्रवारी भाषेच्या बाई आल्या, कपबशीचं, मांजराचं, खुर्चीचं चित्र दाखवलं. ती चित्रांकडे बघायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. निघताना बाईंनी त्याला जिन्यापाशी बोलावलं. त्याने सगळं सांगून टाकलं, दुपारच्या सुट्टीसकट. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या जरा वेळ कठड्यावर बोट घासत राहिल्या. "काका, त्यांना आतून वाटत होतं की आपण नीट बोलतोय," त्या म्हणाल्या. "आपल्याला चौदा ऐकू येत होतं. त्यांना नाही. काल पहिल्यांदा आलं."

"म्हणजे मी वाईट केलं."

"तसं मी म्हणत नाही. पण चांगलं केलं असंही आत्ता म्हणवत नाही. थांबू या थोडं."

"किती?"

"ते मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

शनिवार घरात कसा गेला ते त्याला सांगता आलं नसतं. तो सगळी कामं नेहमीपेक्षा मोठ्याने करत होता. भांडी आपटत होता, खुर्ची ओढत होता, स्वतःशीच बोलत होता की आज काय बरं करावं. उत्तर येत नव्हतं. दुपारी दार वाजलं, इस्त्रीचे कपडे आले, आणि तो दाराकडे जाता जाता सवयीने थबकला. आता आतून तो शब्द येईल, शेवटी उंच जाणारा, कोण आहे विचारणारा. आला नाही. दहा महिने ज्या शब्दाचा त्याला मनातून वीट आला होता, ज्याच्यावर त्याने एकदा दार बंद करून उशीत तोंड खुपसलं होतं, तो शब्द त्याला आता हवा होता. त्यात किती काय काय होतं! आलास होतं, जेवलास का होतं, टीव्हीचा आवाज कमी कर होतं. ते सगळं त्यानेच, चोरून आणलेल्या नऊ सेकंदांनी, घरातून घालवलं होतं. आणि गंमत म्हणजे फोनमधली ती दुसरीही आता परकी झाली होती. शनिवारी त्याने एकदाच ऐकलं आणि मध्येच थांबवलं. तिला काय, ती बोलून मोकळी झाली होती. तिला पुढचं काही माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. ती आईशी नेहमी दोन मिनिटं बोलायची, म्हणजे आपणच बोलायची. आज पलीकडून चौदाही आलं नाही तशी तिने बाबांना द्यायला सांगितलं. त्याने झालेलं सगळं सांगितलं नाही, फक्त स्पर्धेचं सांगितलं. उद्या शेवटचा दिवस, आईचा पाटीवर लिहितानाचा फोटो देणार आहे.

"आईला विचारलंत का, बाबा?"

"तिला काय विचारायचं? ती सांगणार कशी?"

लेकीने पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "सांगायला लागत नाही. विचारायला लागतं."

फोन ठेवल्यावर तो चिडला. लांब राहणाऱ्यांना असं बोलायला काय जातं. त्याने खिडकीपाशी खुर्ची मांडली. उजेड डावीकडून येत होता, चांगला होता. त्याने तिला हात धरून आणलं, बसवलं, मांडीवर पाटी दिली, डाव्या हाताच्या बोटांत खडू धरवला. ती गुमान बसली, आणि ते गुमान बसणंच त्याला टोचलं. तरी तो थांबला नाही. "तू फक्त लिही, त्या दिवशीसारखं," तो म्हणाला. "माझ्याकडे बघायचं नाही. पाटी थोडी वर. अशी." फोनच्या चौकटीत ती लहान दिसत होती. पांढरे केस, मुठीतला उजवा हात, काळी पाटी. अगदी डोक्यातल्यासारखं. वर्षभर लिफ्टमधून वरखाली करणारी एक शहाणी, सुधारणारी बाई. फक्त खडू हलत नव्हता. "एकच काढू," तो म्हणाला. "लगेच होईल."

तिने खडू पाटीच्या कडेला ठेवला. नीट, पडणार नाही असा. मग डावा हात उचलून पंजा समोर धरला, त्याच्या आणि तिच्या मध्ये. तोंड उघडलं. तोंडं बघणं हा त्याचा धंदा होता. समोरचे दात कुठे बसवले की जिभेला कुठलं अक्षर सापडतं हे तो झोपेतही सांगू शकला असता. चौदाच्या वेळी जीभ कशी टाळूला चिकटते ते त्याने हजारदा पाहिलं होतं. आत्ता ती तशी गेली नाही. तिचं टोक वरच्या दातांच्या मागे येऊन टेकलं आणि तिथेच राहिलं. नाकातून एक बारीक, लांब गुणगुण सुरू झाली. गळ्याची शीर ताठ झाली, कपाळावर घाम आला. त्याला वाटलं पुन्हा झटका येतोय. तो पुढे होणार इतक्यात जीभ सुटली, ओठ गोल झाले.

"नको."

फोन त्याच्या हातात तसाच होता. अंगठा बटणावर होता. तो दाबला गेला नाही. खिडकीखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "काय म्हणालीस?" त्याने विचारलं. आवाज इतका फाटका आला की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. तिने त्याच्याकडे जरा रागाने बघितलं. सत्तावीस वर्षं एकदा नीट सांगितलेलं पुन्हा विचारायला येणाऱ्या प्रवाशांकडे ती असंच बघत आली होती. मग पुन्हा गुणगुण, पुन्हा ती शीर. "नको." या वेळी थोडं लवकर. त्यात कुठेही विनवणी नव्हती. फोटो नको, पाटी नको, लिफ्ट नको, ती शहाणी बाई नको. आणि कदाचित ओट्यावरची ती दुसरीही नको. तो जमिनीवर बसला, तिच्या खुर्चीच्या पायाशी, आणि फोन पालथा ठेवला. तिला जवळ घ्यावं असं त्याला वाटलं, पण ते आपल्यासाठी झालं असतं, म्हणून तो नुसता बसून राहिला. ती शालीच्या टोकाने पाटी पुसू लागली, काही लिहिलेलं नसताना. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "चहा?" तिने विचार केला. "नको," म्हणाली, आणि लगेच जोरजोरात मान हलवून किटलीकडे बोट दाखवलं. तिला चहा हवा होता. शब्द मात्र आत्ता हाच होता तिच्याकडे, आणि तो हातचा सोडायचा नव्हता.

सोमवारी तो लॅबमध्ये पोचला तेव्हा भिंत भरली होती. सूर्योदय तीन होते. शिंप्यांकडून एका तान्ह्या बाळाची पावलं आली होती, विमेवाल्यांकडून भेगेतून उगवलेलं रोप. मुकुटरावांचं पिल्लू बाहेर आलं होतं, पण त्या क्षणी मुकुटराव जेवायला गेले होते, त्यामुळे फोटोत फुटकं अंडं आणि कंटाळलेलं पिल्लू वेगवेगळ्या बाजूंना बघत होतं. ते रुसायच्या बेतात होते. खालच्या ओळीत एक जागा मोकळी होती आणि तिच्याखाली टाचणीबाईने त्याचं नाव आधीच लावून ठेवलं होतं.

"द्या," ती म्हणाली, हात पुढे करून. "तुमच्यासाठी थांबलेय."

"नाहीये."

"आता हो काय! मोठ्या तोऱ्यात म्हणाला होतात."

"बायको नको म्हणाली."

"बायकांना स्वतःचे फोटो आवडत नाहीतच," मुकुटराव म्हणाले. "आमची तर तोंडावर पदर..."

"नाही," तो म्हणाला. "नको म्हणाली. नको, असं." टाचणीबाई टाचण्यांची डबी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. दवाखान्याच्या दिवसांत तीच डबा घेऊन यायची. चौदा तिने ऐकलं होतं.

"म्हणाली?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली. तिने भिंतीवरचं त्याचं नाव काढायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. "राहू दे," म्हणाली, आणि काउंटरमागे जाऊन उगाचच फोन पुसू लागली.

तो आपल्या टेबलाशी गेला. एक वरची कवळी मेणात बसवायची होती. दोन दात लावले, तिसरा हातात धरून ठेवला. नऊ सेकंद फोनमध्ये होते. ते त्याने पुसले नव्हते, पुढेही पुसवले नसते. पण आज ते वाजवायला तो प्लास्टरच्या खोलीत गेला नाही. तो जिन्यात गेला आणि घरी फोन लावला. दहा महिने त्याने घरी फोन केला नव्हता, कारण उचलून बोलणारं कुणी नव्हतं. खूप वेळ वाजला. ती काठी शोधत असेल, खुर्चीच्या हाताला धरून उठत असेल. मग कुणीतरी उचलला आणि डाव्या हातातून निसटता निसटता सावरल्याचा खडखडाट झाला.

"मी आहे," तो म्हणाला. "येताना पाव आणू?"

ती गुणगुण. त्याने डोळे मिटून घेतले. "नको."

"साबण संपलाय, तो आणू?"

"नको." साबण खरंच संपला होता.

"खालच्या दुकानात ते गोल बिस्कीट आलंय."

"नको," ती म्हणाली, पण या वेळी शब्दाच्या शेवटी काहीतरी सैल होतं, हसल्यासारखं. तो कठड्याला टेकला. विचारायला आणखी काय आहे ते तो भराभरा आठवू लागला. दूध होतं, औषधं होती, डासांची अगरबत्ती होती, आणि ते सगळं संपलं की काय विचारायचं याची भीतीही वाटायला लागली होती. खालून शिंप्यांच्या यंत्रांचा आवाज येत होता. कधीकाळी याच कानात गावांची नावं पडायची, एकेक अक्षर सुटं, कुठेही घाई नसलेलं. ते सगळं कुठे गेलं असेल? तिच्या आतच असेल का, नुसतं फलाट न सापडलेलं? त्याला एकदम इतकं एकटं वाटलं की तो आपल्याही नकळत बोलून गेला.

"मी आत्ताच घरी येऊ?"

पलीकडे काही आलं नाही. गुणगुण नाही, काही नाही. फक्त पंख्याचा आवाज आणि तिचा श्वास, फोनच्या फार जवळ. त्याला एक अक्षर हवं होतं. ये. एकच अक्षर, जिभेला फारसं कष्टाचं नसलेलं. ती प्रयत्न करत होती की नुसती ऐकत होती, ते इथून दिसत नव्हतं. तो थांबला. खूप वेळ थांबला. ते अक्षर आलं नाही.

पण ती नकोही म्हणाली नाही. त्याने जिन्यातच एप्रन काढला, गुंडाळून काखेत मारला, आणि फोन कानापासून न हलवता पायऱ्या उतरू लागला.